ऑक्तावचा हात आणि पालथा पाव

...तर ऑक्तावला कायोरच्या त्या हॉटेलातून बाहेर काढलं, इथवर काल आलो होतो. काढलं म्हणजे धक्के मारून नव्हे. मालक स्वतः दारापर्यंत पोचवायला आला, टोपी हातात दिली आणि म्हणाला, पुन्हा यायची तसदी घेऊ नका. ऑक्तावचा गुन्हा एवढाच की तो हात धुवायला उठला आणि वाटेतल्या टेबलांवरचे पालथे पाव सुलटे करत गेला. जाताना डावीकडची टेबलं झाली, येताना उजवीकडची. एका टेबलावर एक वकील आणि त्याची बायको दबक्या आवाजात भांडत होती. ऑक्तावनं दोघांच्या मधून हात घातला, पाव सुलटा केला, "चालू द्या" म्हणाला आणि पुढं सरकला. त्यानंतर त्या दोघांना भांडण पुढं कसं न्यायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी मालकाला बोलावलं.

इर्मा, म्हणजे ऑक्तावची बायको, या सगळ्या वेळात जागेवर बसून बदकाचं तंगडं खात होती. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याला बाहेर काढतायत हे दिसल्यावर तिनं उरलेलं तंगडं रुमालात बांधलं आणि मागोमाग निघाली. लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं ते.

आता आमच्याकडे पाव टेबलावर पालथा कुणीच ठेवत नाही. पालथा पाव म्हणजे घरात जल्लादाला आमंत्रण. राजांच्या काळात जल्लादाच्या वाट्याचा पाव बेकरीवाला फळीवर पालथा ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. राजे गेले, जल्लाद गेले, पावाचं तेवढं राहिलं. घरात कुणी चुकून पालथा ठेवलाच तर दुसरं कुणीतरी बोलता बोलता सुलटा करतं आणि गोष्ट तिथं संपते. ऑक्तावची संपत नाही. खोलीत कुठंही पाव पालथा असला की त्याचा उजवा हात उठतो. मालक हाताला विचारत नाही, हात मालकाला विचारत नाही.

स्वतःच्या लग्नात तो पाद्रीबाबांचं भाषण चालू असताना नवरीशेजारून उठून लांबच्या टेबलापर्यंत गेला होता. लोकांना वाटलं, नवरा पळाला. इर्माच्या बापानं तर कोट काढायला सुरुवात केली होती. जिल्ह्याचे प्रीफेसाहेब आमच्या पेश-म्युरात नव्या पुलाच्या उद्घाटनाला आले, तेव्हा मेजवानीत ऑक्तावनं त्यांच्या ताटावरून हात नेला आणि साहेबांची बाही रश्श्यात बुडाली. साहेब म्हणाले, काही हरकत नाही. पूल मात्र त्यानंतर बरीच वर्षं बिनाकठड्याचा राहिला. त्याचा याच्याशी संबंध नाही असं मेयर म्हणतात.

ऑक्ताव जन्मला तोच बेकरीच्या माडीवर. खाली भट्टी, वर पाळणा. बाप बातिस्त देल्पेश, गावातला एकुलता एक पाववाला. त्याच्यामागं ऑक्ताव. बुटका, रुंद, बोलणं थोडं. भट्टीत पाव सारून सारून उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरला नाही, डाव्यावर जंगल. दोन वेगवेगळ्या माणसांचे हात एकाला लावल्यासारखे दिसतात. पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यानं दुकान बंद केलं. गावाला आता पाव तालुक्याहून गाडीनं येतो. त्या पावाबद्दल ऑक्ताव वाईट बोलत नाही. त्या पावाबद्दल तो काहीच बोलत नाही. शनिवारी सकाळी मात्र जुनी भट्टी पेटते आणि आम्हा चार-पाच घरांना मोठा गोल पाव मिळतो. मी शेजारीच राहतो, त्यामुळं मला आधी वास मिळतो आणि मग पाव.

दुकान बंद झाल्याच्या पुढच्या हेमंतात, अक्रोड झोडपायचे दिवस होते, तेव्हा ती सिनेमाची मंडळी गावात आली.

दिग्दर्शक एदमों शार्लिए. वय वर्षं त्र्याऐंशी. जन्मभर पोलिसी चित्रपट काढलेला माणूस. आम्ही त्यांचे सगळे चित्रपट पाहिलेले, कारण पूर्वी आमच्या गावच्या सभागृहात फिरता सिनेमा यायचा आणि त्याच्याकडं दुसरं काही नसायचं. पहिल्या रिळात एक माणूस मरणार, मग पाऊस पडणार, मग लांब कोटातला पोलीस कमिशनर सिगारेट पेटवणार आणि कुणाशी फारसं न बोलता खुनी शोधणार. इर्माचं म्हणणं, शार्लिएंच्या चित्रपटात ज्याचे बूट सगळ्यात स्वच्छ तो खुनी. ती कधी चुकली नाही. तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं.

शार्लिएंनी कायोरमधलं हॉटेल नाकारलं आणि ऑक्तावच्या माडीवर खोली घेतली. भट्टीवरची खोली, शनिवारी तरी हाडांना ऊब मिळेल म्हणाले. संध्याकाळी जेवणानंतर ते, ऑक्ताव, इर्मा आणि मी असे पत्ते खेळायचो. म्हातारा पत्त्यांत लबाडी करायचा. इर्मानं दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा पकडल्यावर म्हणाले, "बाई, मी जन्मभर चोरांच्या गोष्टी सांगितल्यात. सवय जात नाही."

पण एक काळजी त्या माणसाच्या खांद्यावर बसलेली होती, आणि ती सगळ्या गावाला दिसत होती. काळजीचं नाव थिबो. पस्तिशीचा दिग्दर्शक, पॅरिसचा, गळ्यात पंचा गुंडाळलेला. इतक्या वयाच्या दिग्दर्शकाचा विमा उतरवायला कंपनी तयार होईना. शेवटी तिनं अट घातली की दुसरा एक दिग्दर्शक कायम सोबत असावा. म्हाताऱ्याला काही झालं किंवा काम मागं पडलं, तर चित्रपट त्यानं पुरा करायचा. काम एकदा मागं पडून झालं होतं. पुन्हा पडलं की चित्रपट थिबोचा.

थिबो वाईट नव्हता, हे सांगायला हवं. नम्र होता. दार उघडून धरायचा. पण दिवसभर शार्लिएंच्या खुर्चीमागं उभा असायचा, श्रीमंत काकाच्या अंथरुणाशी पुतण्या उभा राहावा तसा. इर्मा एकदा त्याला कॉफी देताना म्हणाली, "मृत्युपत्र करायला नोटरीलाही बोलावून घे बाळा, एकदमच होऊन जाईल." तो लाल झाला, पण कॉफी प्यायला.

हा आपला शेवटचा चित्रपट, हे शार्लिए स्वतःच सांगायचे, हवामान सांगावं तसं. फक्त तो दुसऱ्या कुणाच्या हातून संपू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पत्ते पिसताना हात थांबायचा, त्यावरून आम्ही ओळखलं.

आता चित्रपटाची गोष्ट थोडक्यात. पॅरिसचा एक दरोडेखोर खून करून पळतो आणि आमच्यासारख्या खेड्यात शेतकरी बनून लपतो. म्हाताऱ्या मामाचा लांबचा भाचा म्हणून त्याच्या घरी राहतो. बोलतो शेतकऱ्यासारखा, चालतो तसा, नखांत मातीही बरोबर. मग कमिशनर येतो. दुपारची वेळ, त्यालाही जेवायला बसवतात. सूप वाढलेलं. भाचा पाव कापतो आणि सहज पालथा ठेवून देतो. कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त कमिशनरची नजर पावावर थांबते. खेड्यात वाढलेला माणूस हे कधी करणार नाही. झालं, चोर सापडला. एकही शब्द नाही. शार्लिएंना सगळ्या चित्रपटात हा तुकडा सर्वांत लाडका. त्यांची आजी लिमुझँच्या खेड्यातली, लहानपणी पावावरून तिच्या हातची चापट खाल्लेली.

आणि मामाचं काम त्यांनी दिलं ऑक्तावला.

का, तर चेहरा आवडला. पत्ते खेळताना समोर बसून बसून तो चेहरा त्यांच्या मनात भरला होता. काम काय, तर बसायचं, सूप प्यायचं, बोलायचं नाही. ऑक्ताव म्हणाला, हे मला जमेल. शेजाऱ्याचं काम मला मिळालं. मीही सूपच प्यायचं होतं. सूप करायला इर्मा, कारण शार्लिएंना वाफ खरी हवी होती.

तुम्ही म्हणाल, कुणीच कसं बोललं नाही? आम्हाला सांगितलं होतं की जेवणाचा प्रसंग आहे. पावाचं काही सांगितलं नव्हतं. शार्लिएंना आमचे चेहरे कोरे हवे होते.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी कोंब नावाच्या शेतघरात स्वयंपाकघर दिव्यांनी उजळलं. लांब टेबल. एका टोकाला ऑक्ताव, शेजारी मी, समोर दरोडेखोराचं काम करणारा बेन्वा, दुसऱ्या टोकाला कमिशनर झालेला लाकूर. लाकूर मोठा नट. त्याला त्याच दिवशी पॅरिसची गाडी गाठायची होती, दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाटक. म्हणजे हा प्रसंग त्याच दिवशी, गाडीच्या आधी, व्हायला हवा होता. नाही झाला तर काम मागं पडलं, आणि पुढचं सांगायला नको.

बेन्वानं पाव छातीशी धरून कापला, पालथा ठेवला. लाकूरची नजर वळली. कॅमेरा पावाकडं सरकला. आणि कॅमेऱ्यासमोर ऑक्तावचा बिनकेसांचा हात आला, त्यानं पाव सुलटा केला आणि निघून गेला.

"कट," शार्लिए म्हणाले. "ऑक्ताव, पाव तसाच राहू द्या."

ऑक्ताव म्हणाला, बरं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा हात आला. या वेळी ऑक्तावनंच हाताकडं पाहिलं, शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या अंगणात दिसावं तसं. मग तो उजव्या हातावर बसला. तेव्हा डावा हात गेला. डाव्याला सवय नाही, त्यानं वाटेत माझा पेला लवंडला. थिबोनं सुचवलं की हात खुर्चीला बांधू. इर्मानं एप्रनची नाडी दिली. बांधला. कॅमेरा चालू झाला, पाव पालथा पडला, ऑक्ताव घामाघूम झाला, खुर्ची करकरली, आणि तो हळूच म्हणाला, "इर्मा, तो पाव." आणि इर्मा, जी पळी घेऊन दिव्यांच्या पलीकडं उभी होती, ती सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत आली, पाव सुलटा केला, नवऱ्याच्या वाडग्यात आणखी एक पळी सूप वाढलं आणि परत गेली.

लाकूर इतका वेळ गंभीर होता. तो टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. त्याचा मेकअप पुन्हा करावा लागला, तेवढाही वेळ गेला.

थिबो म्हणाला, मामा बदलू. कायोरहून दुसरा म्हातारा आणता येईल. शार्लिए म्हणाले, चेहरा कुठून आणणार? थिबो मग मेयरच्या कचेरीत गेला, पॅरिसला फोन लावायला. शार्लिए चुलीशेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्याकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरंच त्र्याऐंशी वर्षांचा आहे.

इर्मानं त्यांच्या हातात वाडगा दिला आणि शेजारी बसली. मी मोरीशी पेला धूत होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. तिनं त्यांना ती जुनी गोष्ट सांगितली. गावात सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण मोठ्यानं सांगितलेली मी तेव्हा प्रथमच ऐकली.

लढाईच्या वर्षांत गावचा एक पोरगा मिलीसमध्ये गेला, जर्मनांच्या बाजूनं आपल्याच माणसांवर बंदूक रोखणाऱ्या टोळीत. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची बहीण अजून गावात आहे. ऑक्ताव आणि तो शाळेत एका बाकावर. तो रोज सकाळी पाव न्यायला यायचा. त्यानं शेजारच्या गावची दोन माणसं पकडून दिली, त्या दिवसापासून बातिस्तनं त्याचा पाव फळीवर वेगळा आणि पालथा ठेवायला सुरुवात केली. बोलला काही नाही. दुकानातल्या सगळ्यांना दिसायचं. त्यालाही दिसत असणार. तो पाव घ्यायचा आणि जायचा. ऑक्ताव भट्टीशी उभा राहून बघायचा. मग जर्मन मागं हटायला लागले त्या उन्हाळ्यात एके सकाळी तो आला नाही. अक्रोडांच्या बागेत सापडला. कुणी मारलं ते माहीत असणारे बरेच होते, सांगणारं कुणी नव्हतं. पाव दिवसभर फळीवर पालथा राहिला. दुकान बंद करताना बातिस्त ऑक्तावला म्हणाला, "आता सुलटा कर." त्यानं केला.

इर्मा म्हणाली, "त्याला वाटतं, आपण आधीच सुलटा केला असता तर. वेडेपणा आहे. पण तो वेडेपणा मी घरात पन्नास वर्षं सांभाळतेय, साहेब. एका सकाळीत तुमच्यानं कसा बरा होईल?"

शार्लिएंनी सूप संपवलं. मग तळाशी थोडी तांबडी वाइन ओतून, वाडगा हलवून, आमच्यासारखी उचलून प्यायली. तोंड पुसून म्हणाले, "म्हणजे हा माणूस टेबलावर असताना पाव पालथा राहूच शकत नाही."

"नाही."

"मग मीच चुकीचं लिहिलंय."

ते उठले आणि सगळ्यांना बोलावून प्रसंग बदलला. आता असं, की भाचा पाव पालथा ठेवतो. मामा न बघता सुलटा करतो. भाच्याला कळत नाही की मामानं हे काय केलं, आणि तो त्या हाताकडं टक लावून बघतो. कमिशनर पावाकडं बघतच नाही. तो भाच्याच्या तोंडाकडं बघतो. तिथं चोर सापडतो. लाकूर म्हणाला, हे फारच चांगलं आहे. बेन्वाही म्हणाला. कॅमेऱ्यामागचा जानो, जो शार्लिएंबरोबर कित्येक वर्षं होता आणि कशालाच चांगलं म्हणत नसे, त्यानंही नाक ओढत मान हलवली.

नाडी सोडली. ऑक्तावला सांगितलं, आता हाताला मोकळं सोडा, जे करायचं ते करू दे.

हात हलेना.

पाव पालथा पडला होता, सगळे वाट बघत होते, आणि ऑक्ताव बँकेत बोलावणं आल्यासारखा ताठ बसला होता. पुढच्या खेपेला त्यानं पाव बेन्वाच्या हातातच सुलटा केला, टेबलावर टेकायच्या आधी. मग एकदा बरोबर वेळेला केला, पण करून झाल्यावर कॅमेऱ्याकडं बघितलं, शाळेत पाढा म्हणून गुरुजींकडं बघावं तसं. मग एकदा सुलटा केला, शंका आली, परत उलटवला. पाव पुन्हा पालथा. जानो म्हणाला, रीळ महाग असतं हे या गावात कुणी ऐकलंय का? मी म्हणालो, ऐकलंय, पण आमचा संबंध आला नव्हता.

तेवढ्यात थिबो फोनवरून परत आला. त्याला शार्लिएंशी बाजूला बोलायचं होतं, पण शार्लिएंना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि तो नेमका डावीकडं उभा राहिला. म्हातारा म्हणाला, "मोठ्यानं सांग. सगळ्यांचंच काम आहे."

थिबोनं पॅरिसचा निरोप मोठ्यानं सांगितला. लाकूर गाडीत बसायच्या आत प्रसंग झाला नाही, तर उद्यापासून चित्रपट थिबोनं हाती घ्यावा. शार्लिएसाहेबांनी घरी जाऊन विश्रांती घ्यावी. सगळ्यांना त्यांच्याबद्दल फार आदर आहे. हे शेवटचं वाक्य त्यानं जमिनीकडं बघून म्हटलं.

ऑक्तावनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला. त्याच्या कानाची पाळी पांढरी पडली होती. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. बापाच्या अंत्यविधीलाही ती पांढरी पडलेली मी पाहिली नव्हती.

मग चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले.

शार्लिएंनी ते शेवटपर्यंत ऐकले. म्हणाले, "जेवायची वेळ झाली. इर्माबाई, ताजं सूप वाढा."

थिबो म्हणाला, वेळ नाहीये. अजून थोडं करून बघू, मग जेवू.

"बाळ," शार्लिए म्हणाले, "या मुलखात बाराला कुणी खूनसुद्धा करत नाही. जा, तूही खाऊन घे. बाहेर सँडविच ठेवलीत."

थिबो गेला. बाकीची माणसंही गेली. आम्ही चौघं होतो तिथंच बसलो, कारण सूप टेबलावरच येणार होतं. जानो कॅमेऱ्याला टेकून सॉसेज चावत होता. आवाजाचा माणूस माइकची लांब काठी धरून उभ्या उभ्या जांभया देत होता. शार्लिए बेन्वाच्या मागून जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले आणि भिंतीशी जाऊन बसले. मला वाटलं, मीठ मागतायत.

इर्मानं वाढलं. पहिलं सूप सकाळपासून तापवून तापवून फक्त वाफेपुरतं उरलं होतं. हे नवं, कोबी आणि बदकाच्या चरबीचं. आम्ही सगळे मान खाली घालून खायला लागलो. लाकूरनं विचारलं, कोबी आधी परतता का? इर्मा म्हणाली, परतणारे लोक आहेत, आम्ही त्यांच्याकडं जेवायला जात नाही. ऑक्तावनं वाडग्यात वाइन ओतली, प्यायली, मिशी पुसली, आणि मला म्हणाला की तुझ्या वरच्या बागेतले अक्रोड यंदा काळे पडणार, तू झोडपायला उशीर करतोयस. मी म्हटलं, माझे अक्रोड मला बघू दे. तो म्हणाला, तू बघतोस म्हणूनच काळे पडतात.

बेन्वानं पाव कापला. पालथा ठेवला.

ऑक्ताव माझ्याशी बोलत होता. अक्रोडाच्या सालीचं काहीतरी. बोलणं न थांबवता, मान न वळवता, त्याचा हात गेला, पाव सुलटा केला, वरचं पीठ बोटानं झटकलं, आणि परत येऊन चमचा उचलला. बेन्वा त्या हाताकडं बघत राहिला. लाकूर बेन्वाकडं. त्या क्षणी लाकूर कोबी विसरला, हे मी समोरून पाहिलं. ऑक्ताव म्हणाला, "सालीला हिरवा डाग राहिला की समज, उशीर झाला," आणि सूप पीत राहिला.

बराच वेळ फक्त चमचे वाजत होते. मग भिंतीशी बसलेल्या शार्लिएंनी वाडगा पावानं पुसून घेतला, तो तुकडा खाल्ला आणि दाराकडं बघून म्हणाले, "थिबो, लाकूरला स्टेशनवर सोडून ये. झालं."

थिबो सँडविच हातात धरून आत आला. विचारलं, काय झालं? जानो कॅमेऱ्यातून रीळ काढून डब्यात भरत होता. त्यानं डब्याला पट्टी चिकटवली आणि थिबोच्या हातात दिला. म्हणाला, पॅरिसला फोन करताना हे जवळ ठेव.

थिबो शेवटपर्यंत गावात राहिला, अटच होती तशी. पण खुर्चीमागं उभा राहायचा बंद झाला. कधी शेजारी बसायचा, कधी शार्लिएंची छत्री धरायचा. पत्ते खेळायलाही यायला लागला. त्याला लबाडी पकडता येत नव्हती, त्यामुळं म्हाताऱ्याला तो फार आवडला.

पुढच्या वसंतात शार्लिए स्वतः चित्रपट घेऊन पेश-म्युरात आले. शेवटच्या रिळापर्यंत त्यांचाच. वाळले होते, काठी आली होती, पण कोट तोच. गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, लोकांनी घरून आणल्या. पहिल्या रिळात माणूस मेला, मग पाऊस पडला, कमिशनरनं सिगारेट पेटवली. इर्मानं बेन्वाचे बूट बघितले आणि तोंड मिटून बसली, तिला आधीच बजावलं होतं. मग ते स्वयंपाकघर आलं. वाफ आली. मी आलो, माझी पाठ तरी आली. आणि मग तो हात, सगळ्या पडद्याभर, एकही केस नसलेला. त्या मिलीसवाल्याची बहीण दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही, मी पडद्याकडं बघत होतो. दिवे लागले तेव्हा ती ऑक्तावजवळ उभी होती आणि दोघं हवापाण्याचं बोलत होती.

नंतर इर्मानं अक्रोडाचा केक कापला. आम्ही टेबलाभोवती बसलो, शार्लिए ऑक्तावच्या समोर, त्यांच्याबरोबर आलेला थिबो शेजारी. ते केक चिवडत होते. त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळतंय, हे मला पत्त्यांवरून ठाऊक झालेलं होतं. शेवटी म्हणाले, चित्रपट जोडताना तो तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. कमिशनर शोधतो, बेन्वा फसतो, ते सगळं मला समजतं, ते मीच रचलंय. तुमचं समजत नाही. मी सगळ्यांना जेवायला सांगितलं आणि कॅमेरा चालू ठेवला. तुम्हाला फसवलं, असं मी हिवाळाभर समजत होतो. आणि आता पडद्यावर इतका मोठा हात बघितला आणि शंका आली.

"खरं सांगा, ऑक्ताव," ते म्हणाले. "कॅमेरा चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

इर्मा सुरी हातात धरून थांबली. तिनंही हे कधी विचारलेलं नव्हतं. थिबो पुढं झुकला.

ऑक्तावनं तोंडातला घास सावकाश संपवला, मिशीवरचे कण पुसले आणि म्हणाला, "कॅमेरा चालू आहे हे मला कळलं होतं, साहेब. पावाला कुठं कळलं होतं?"